जाड अक्षर, बारीक फट: ‘मोदक’ फाँट पोस्टर, पाटी आणि टी-शर्टवर कसा वापरावा

‘मोदक’ हा देवनागरी फाँट हाती आला की बहुतेकांचं तेच होतं. आधी स्वतःचं नाव टाइप करून बघायचं, ते गुबगुबीत झालेलं पाहून हसायचं आणि मग अख्खं पोस्टर त्यातच लावून टाकायचं. मथळा, तारीख, स्थळ, संयोजकांची नावं, फोन नंबर, सगळं. छापून आल्यावर मथळा झकास दिसतो आणि त्याखाली नुसते शाईचे डाग. मग ‘हा फाँट वाचताच येत नाही’ असा शेरा बसतो. हा फाँट मथळ्यासाठीच काढलेला आहे. पत्ता आणि फोन नंबर हे त्याचं कामच नव्हे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, सोबतची रोमन अक्षरं नूपुर दाते यांची. आजवरचा बहुधा सर्वांत गुबगुबीत देवनागरी फाँट, अशी त्याची ओळख ते करून देतात आणि ती पटते. याचं वजन एकच आहे, बारीक-मध्यम-ठळक असे भाऊबंद नाहीत. गुगल फाँट्सवर तो मोफत मिळतो.

त्याचा रेट्रो चेहरा कुठून आला, हे थोडं माहीत असलेलं बरं, कारण कुठे वापरू नये तेही त्यातूनच कळतं. फुगीर, गोल कडांच्या जाड अक्षरांचा जगातला सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे ‘कूपर ब्लॅक’. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने तो १९२२ मध्ये बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीसाठी काढला. पुढे १९६०-७० च्या दशकांत तसली अक्षरं रेकॉर्डच्या वेष्टणांवर, टी-शर्टांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर परत आली. तोवर फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं, आलं होतं. शिशाचे खिळे गेल्यामुळे अक्षरं एकमेकांना खेटून, अगदी चिकटवून लावता येऊ लागली. आज ‘सत्तरच्या दशकाचा लूक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते हेच.

आपल्याकडे त्या काळात असा तयार टाइप वापरण्यापेक्षा शीर्षक हाताने काढून घ्यायची पद्धत होती. चित्रकार अक्षरं काढायचा, त्याचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, व्हायचा आणि तो छापखान्यात जायचा. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी केलेली शीर्षकं आठवा. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, त्या नाटकापुरतंच. दुकानाच्या पाट्या पेंटर रंगवायचे आणि अक्षराला दोन बाजूंनी सावली देणं हा त्यांचा हातखंडा असायचा. मोदकची नाळ या दोन्हींशी जुळते, एक पाश्चात्त्य बबल अक्षरांशी आणि दुसरी आपल्या हाती काढलेल्या शीर्षकांशी. पेशवाईशी किंवा मोडी लिपीशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. ऐतिहासिक पोवाड्याच्या कार्यक्रमाला हा फाँट लावला की लहान मुलांच्या वाढदिवसाचं पोस्टर वाटतं.

आता या फाँटच्या गाभ्याकडे. जाडी वाढवणं रोमन लिपीत तुलनेने सोपं आहे. तिथल्या ‘ओ’च्या पोटात एकच पोकळी असते. देवनागरीच्या ‘क’मध्ये दंडाच्या दोन्ही बाजूंना पोकळ्या, वर शिरोरेषा, त्यावर मात्रा, खाली उकार. ‘क्ष’, ‘ख’, ‘श’ यांच्यात तर तेवढ्याच रुंदीत आणखी गर्दी. रेषा जाड करत गेलं की या पोकळ्या बुजतात आणि सगळी अक्षरं एकसारखे गोळे होतात. मोदकने त्यातून काढलेला मार्ग असा: पोकळ्यांची बारीक फट करायची, ती सगळ्या अक्षरांत साधारण सारखी ठेवायची आणि बाकी जागा काळ्याने भरून टाकायची. म्हणजे ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक तुम्हाला काळा भाग सांगत नाही, ती पांढरी फट सांगते. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं ही फट जपण्याबद्दलच आहे.

उदाहरण म्हणून एक काम धरू. सोसायटीच्या मैदानावर ‘मिसळ महोत्सव’ आहे. रस्त्यावर लावायचा ६ × ३ फुटांचा फ्लेक्स, ऑफसेटवर छापायचं ए-थ्री पोस्टर, कार्यकर्त्यांचे टी-शर्ट आणि वेबसाइटवरचं एक पान, एवढा पसारा.

आधी शब्द निवडा, मग फाँट लावा

मोदकमध्ये काय लावायचं? ‘मिसळ महोत्सव’, बस्स. फार तर ‘झणझणीत!’ असा एखादा तुकडा कोपऱ्यात. तीन-चार शब्दांच्या पुढे गेलात की डोळा थकतो, आणि सगळंच ओरडायला लागल्यावर मथळ्याचा आवाज उरत नाही. छापील कामात ३६ पॉइंटच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या खाली हा फाँट नेऊ नये, असा माझा ठोकताळा आहे. तारीख, वेळ, स्थळ, कुपनाचा दर यांना सरळ, पातळ जोडीदार द्या. ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ सात वजनांत मिळतो आणि तो मोदकशेजारी मुकाट्याने बसतो. सात वजनं आहेत म्हणून सातही वापरायची नाहीत, दोन पुरतात. ‘अनेक देवनागरी’ घेतलात तर वजनासोबत रुंदीही कमी-जास्त करता येते. स्थळाचा लांबलचक पत्ता एका ओळीत बसवताना अक्षरं दाबून चेपण्यापेक्षा त्याची अरुंद आवृत्ती वापरलेली केव्हाही चांगली.

जोडीला दुसरा नखरेल फाँट घेऊ नका. मोदक आणि खाली लग्नपत्रिकेतलं वळणदार अक्षर, हा जोड मी इतक्या पोस्टरांवर पाहिला आहे की त्याविरुद्ध एखादा ठराव मांडावासा वाटतो.

मोदकऐवजी दुसरा एखादा जाड देवनागरी फाँट बरा पडेल का, हेही इथेच ठरवा. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकलच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. रस्ता, प्रवास, जुनी मुंबई असा विषय असेल तर तो घ्या. ‘रोझा वन’मध्ये जाड आणि बारीक रेषांतला फरक टोकाचा आहे. मिठाईची पेटी, दागिने, दिवाळी अंक अशा जरा नटव्या कामाला तो शोभतो. ‘बलू’ मोदकपेक्षा सडपातळ आहे आणि त्याची पोटं मोकळी असल्याने लहान आकारातही तग धरतो. ‘बलू २’ पाच वजनांत आहे. आणि ‘श्रीखंड’ हे नाव वाचून फसू नका, तो गुजराती आणि रोमन लिपीचा फाँट आहे. त्यात मराठी टाइप केलंत तर संगणक गुपचूप दुसराच फाँट लावून मोकळा होतो.

मराठी परीक्षा

देवनागरी फाँट म्हणजे मराठी फाँट, असं गृहीत धरू नका. कुठलाही नवा फाँट कामात घेण्याआधी काही शब्द टाइप करून बघायचे. या महोत्सवासाठी माझी यादी अशी: मिसळ, तर्री, झणझणीत, आचाऱ्यांची, आचार्यांची, शेव, लिंबू, ऑक्टोबर, ॲड., श्रीकृष्ण, उद्घाटन, कीर्ती, ₹, आणि ० ते ९ सगळे आकडे.

‘तर्री’ हा शब्द परीक्षेला फार चांगला. ‘र’वर रफार आणि त्यालाच दीर्घ वेलांटी. तो रफार वेलांटीच्या डोक्यावर नीट बसतो की तिच्यात घुसतो, हे एका नजरेत कळतं. ‘आचार्यांची’ आणि ‘आचाऱ्यांची’ यांतला भेद फाँट दाखवतो का तेही बघा. त्यातला आडवा अर्धा ‘र’ नसेल तर स्वयंपाकाच्या आचाऱ्यांना पोस्टरवर विद्वान व्हावं लागेल. तो नीट उमटायचा असेल तर टाइप करतानाही साधा ‘र’ नाही, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘य’.

‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात, पण समोर येतं ते हिंदीचं. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी वळण बाहेर येतं. त्यासाठी कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा ‘मराठी’ करा, नाहीतर फाँटमधली सगळी अक्षररूपं दाखवणारं ग्लिफ पॅनेल उघडून हवं ते अक्षर हाताने उचला. ‘५’, ‘८’, ‘९’ या आकड्यांची वळणंही तपासून घ्या. पुष्कळ जणांना हे सगळं किरकोळ वाटतं, पण ‘ल’ हिंदी वळणाचा असला की पाटी ‘आपली’ वाटत नाही. का वाटत नाही, ते वाचणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, एवढंच.

परवाना आणि बसवणं

मोदक एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली आहे. व्यावसायिक कामात वापरा, पीडीएफमध्ये घाला, लोगो करा, टी-शर्ट छापून विका, हे सगळं चालतं. नुसता फाँटच वेगळा विकायला मात्र मनाई आहे. फाइल दुसऱ्याला देताना सोबतची परवान्याची फाइलही द्या. फाँट गुगल फाँट्सवरूनच उतरवून घ्या. ‘पाच हजार मराठी फाँट’ अशा पेनड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या अर्धवट आणि जुन्या आवृत्त्या भरलेल्या असतात. विंडोजमध्ये झिप उघडून टीटीएफ फाइलवर उजवी क्लिक आणि ‘इन्स्टॉल’, मॅकवर दोनदा क्लिक केलं की फाँट बुक उघडतं. त्यानंतर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा.

सॉफ्टवेअर देवनागरी समजतंय का

मोदक युनिकोड फाँट आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेला मजकूर त्यात चिकटवलात तर भलतंच काहीतरी उमटेल. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि ‘ऱ्य’ इथेच सांडतात.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये जाऊन भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करा आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोझर घ्या. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही अशीच एक खूण करावी लागते. हे केलं नसेल तर ‘मिसळ’ची वेलांटी ‘म’च्या मागे जाऊन बसते आणि ‘महोत्सव’मधल्या ‘त्स’च्या पोटात हलन्त उघडा पडतो. इंकस्केप आणि लिबरऑफिसमध्ये ही भानगड नाही. खर्च करायचा नसेल तर इंकस्केपमध्ये हे पूर्ण काम होतं.

मांडणी

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. ट्रॅकिंग शून्य. शिरोरेषा असलेल्या लिपीत ट्रॅकिंग वाढवलं की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंग, म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांमधलं अंतर, ‘मेट्रिक्स’वर (फाँटमध्येच ठरवून दिलेलं) ठेवा. ‘ऑप्टिकल’वर ठेवलं तर सॉफ्टवेअर स्वतःच्या अकलेने अक्षरं पुढे-मागे सरकवतं आणि सांधे बिघडतात. ‘बोल्ड’चं बटण तर अजिबात दाबू नका. या फाँटला बोल्ड आवृत्ती नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर बाहेरून रेषा वाढवतं आणि सगळ्या फटी बुजतात. आडवं-उभं ताणण्याचंही तेच: फट एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक होते.

ओळींमधलं अंतर मात्र हाताने ठरवायचं असतं आणि खरी मजा इथे आहे. ‘मिसळ’ वर आणि ‘महोत्सव’ खाली अशा दोन ओळी घ्या. वरच्या ओळीत उकार नाही, ऋकार नाही, म्हणजे खालचा काठ सपाट आहे. खालच्या ओळीत वर डोकावणारी एकच गोष्ट, ‘हो’ची मात्रा. त्यामुळे ओळी खूप जवळ आणता येतात, ती मात्रा वरच्या अक्षरांना लागणार नाही एवढ्याच अंतरावर. सॉफ्टवेअरने स्वतःहून दिलेलं अंतर यापेक्षा बरंच जास्त असतं आणि त्याने मथळा ढिला पडतो. ‘कोल्हापुरी’ वर आणि ‘मिसळ’ खाली असं असतं तर वरून ‘पु’चा उकार लोंबतो आणि खालून ‘मि’ची वेलांटी वर येते. पण उकार ओळीच्या उजव्या भागात आहे आणि वेलांटी डावीकडे, त्यामुळे दोन्ही ओळी मध्यात लावल्या तर एकमेकांना चुकवून जातात. सत्तरच्या दशकातला तो घट्ट, एकमेकांत गुंतलेला गठ्ठा असाच तयार होतो. ओळी तोडण्याआधी कुठल्या शब्दाला वर शिंगं आहेत आणि कुठल्याला खाली शेपूट, एवढं कागदावर काढून बघा.

उंची किती? पाट्या करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, दर १० फूट अंतरामागे १ इंच. तो रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, मात्रा धरू नका. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे साधारण ४० फुटांवरून वाचायचं असेल तर ४ इंच येतात. मोदकसाठी मी ते सरळ दुप्पट करतो, कारण इथे वाचायची असते ती फट. म्हणजे ८ इंच. तीन फूट उंचीच्या फ्लेक्समध्ये अशा दोन ओळी घेऊन खाली तारीख-स्थळाला पुरेशी जागा उरते.

मग मथळ्यातलं एकच अक्षर खऱ्या आकारात घरच्या प्रिंटरवर काढा, भिंतीला चिकटवा आणि मागे जात जात बघा. ‘स’ किंवा ‘म’ निवडा. डोळे किलकिले केल्यावर फट नाहीशी झाली तर आकार वाढवा. मोबाइलसाठीच्या चित्रावरही हीच परीक्षा, फक्त उलटी: चित्र पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा.

कडा आणि सावली

फ्लेक्सवर हमखास दिसणारा एक दोष असतो. अक्षराला बाहेरून पांढरी कड दिलेली असते आणि शब्दाच्या मधोमध, जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे, एक उभी चिरही दिसते. त्याचं कारण साधं आहे. देवनागरी फाँटमध्ये शेजारची अक्षरं सांध्यावर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. नुसता रंग भरला तर ते दिसत नाही, कड दिली की प्रत्येक अक्षराची कड वेगळी उमटते. उपाय म्हणजे आधी मजकुराच्या आउटलाइन करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा; कोरलड्रॉ वापरणारे ज्याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात ते. मग सगळे आकार निवडून एकत्र जोडा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’, कोरलमध्ये ‘वेल्ड’, इंकस्केपमध्ये ‘युनियन’. आता तो एकसंध आकार झाला. मूळ टाइप केलेली प्रत मात्र दुसऱ्या लेयरवर जपून ठेवा. तारखेत नाही तर नावात बदल येतोच, आणि तो नेमका छपाईच्या आदल्या रात्री येतो.

कड नेहमी बाहेरच्या बाजूला. सॉफ्टवेअर स्वतःहून कड रेषेच्या मधोमध देतं, म्हणजे अर्धी कड अक्षराच्या आत शिरते आणि फट गिळते. सोपा मार्ग असा: जोडलेल्या आकाराची एक प्रत मागे ठेवा, तिला जाड कड द्या, आणि वर मूळ आकार कडेविना ठेवा. मागच्या प्रतीची कड फटींतही भरेल, म्हणून कडेचा रंग पार्श्वभूमीसारखाच उजळ घ्या. गडद अक्षराभोवती गडद कड म्हणजे फटींना बूच.

रेट्रो ठोकळ्याची सावली द्यायची तर धूसर ‘ड्रॉप शॅडो’ नको, ती दोन हजार सालानंतरची वाटते. पेंटरची सावली घन असते, एका कोनात, एका रंगात. आकाराची प्रत ४५ अंशांत खाली-उजवीकडे सरकवा, दोन्हींमध्ये ‘ब्लेंड’ने भरपूर पायऱ्या (मधल्या प्रती) घाला, आणि त्या पायऱ्या पुन्हा जोडून एकच आकार करा. सावलीची लांबी अक्षराच्या उंचीच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवा. लांब सावली पातळ अक्षराला शोभते, इथे ती पुढच्या अक्षराच्या अंगावर पडते. अक्षर आणि सावली यांच्यात पार्श्वभूमीच्या रंगाची बारीक पट्टी सोडलीत तर जुन्या पाटीचा भास चटकन येतो. अक्षराच्या डाव्या खांद्यावर चमकेची एखादी पांढरी वक्र रेघ द्यायची तर ती सगळ्या अक्षरांवर एकाच बाजूला आणि फटीपेक्षा ठळकपणे जाड हवी. नाहीतर वाचणाऱ्याला ती आणखी एक फट वाटते आणि ‘प’चा ‘ष’ होतो.

शाई

आता ए-थ्री पोस्टर. ऑफसेटवर चार रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या छापल्या जातात आणि त्या केसभर सरकल्या की बारीक फटीत परका रंग शिरतो. जांभळ्या पार्श्वभूमीवर हिरवं अक्षर केलंत तर ही भीती दर प्रतीला. जुने छापखाने दोन-तीन शायांत भागवायचे, आणि त्यांच्या रंगसंगतीची एक युक्ती अजून उपयोगी पडते: सगळ्या रंगांत एक शाई सामाईक ठेवायची.

मिसळीला हे आयतंच जमतं. पूर्ण पार्श्वभूमी १०० टक्के पिवळी. अक्षर लाल, म्हणजे १०० टक्के मॅजेंटा (किरमिजी शाई) आणि १०० टक्के पिवळा. पिवळा सगळीकडे सलग पसरलेला आहे, अक्षराखालीही. अक्षराचा आकार एकट्या मॅजेंटाच्या प्लेटवर आहे. त्या प्लेटमधून फट कोरलेली आहे, तिच्यातून खालचा पिवळा दिसतो, आणि प्लेट थोडी सरकली तरी फट जशीच्या तशी राहते, कारण तिच्या दोन्ही कडा एकाच प्लेटवर आहेत. सावली काळी ठेवून ‘ओव्हरप्रिंट’ करा, म्हणजे खालचा रंग न कोरता त्यावरच छापा. निळी प्लेट लागतच नाही. तीन शायांत काम होतं, आणि अगदी शुद्ध रंगांमुळे पोस्टर आपोआप जुन्या वळणाचं दिसतं. मुद्दाम धूळ, ओरखडे, पिवळट कागदाचं चित्र हे सगळं टाकायची गरज नाही. मला तर ते ढोंगच वाटतं.

तारीख-स्थळ या लहान मजकुराला फक्त काळी शाई वापरा. चार रंगांनी केलेला काळा लहान अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्य दाखवतो.

फ्लेक्स, विनाइल, टी-शर्ट

फ्लेक्ससाठी खऱ्या आकारात ७२ डीपीआय, म्हणजे दर इंचाला ७२ ठिपके, पुरतात. ६ × ३ फुटांना ५१८४ × २५९२ पिक्सेल. फ्लेक्सवाल्याकडे फाँट असेल या भरवशावर राहू नका, सगळा मजकूर कर्व्ह करूनच द्या. पीडीएफसोबत एक जेपीजीही द्या, म्हणजे त्याच्या पडद्यावर काही हललं तर त्याला ताडून पाहता येईल.

दुकानाच्या काचेवर विनाइल कापून लावायचं असेल तर आकार जोडलेला नसल्यास कटर प्रत्येक सांध्यावर उभी चीर मारतो, तेव्हा ‘युनाइट’ इथे सक्तीचं. शिवाय फटींतलं विनाइल एकेक करून चिमट्याने उपटावं लागतं. अक्षर चार-पाच इंचांपेक्षा लहान असेल तर तो कारागीर तुम्हाला दुवा देणार नाही.

टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करताना शाई कापडात पसरते. सर्वांत अरुंद फट खऱ्या आकारात निदान अर्धा मिलिमीटर तरी हवी, जाड विणीच्या कापडावर त्याहून जास्त. कमी भरत असेल तर मथळा मोठा करा. तेही शक्य नसेल तर कर्व्ह केलेल्या आकारावर ‘ऑफसेट पाथ’ने उणे आकडा देऊन अक्षर किंचित सोलून घ्या, म्हणजे फटी रुंदावतात. बारीक आकड्यापासून सुरुवात करा आणि सांधे सुटत नाहीत ना ते बघा. भरतकामासाठी मोदक देऊच नका, दोरा त्या फटी शिल्लक ठेवत नाही.

वेबपान

मथळा चित्र म्हणून टाकू नका, खरा मजकूर ठेवा, म्हणजे तो शोधयंत्रांना सापडतो आणि दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रालाही वाचता येतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा, ‘ल’-‘श’च्या मराठी वळणांसाठी ब्राउझर तीच खूण बघतो. अक्षरांमधलं अंतर शून्य. फाँटची फाइल लहान करण्यासाठी त्यातली ‘न लागणारी’ अक्षरं गाळणारी साधनं मिळतात, पण ती चालवताना जोडाक्षरांचे नियम त्याच फाइलमध्ये राहतील असा पर्याय निवडा. ते गळाले की ‘महोत्सव’ पुन्हा हलन्तासकट उघडा पडतो. फाइल उतरेपर्यंत मजकूर साध्या फाँटमध्ये दिसू द्या. मोदक आल्यावर मथळ्याची उंची बदलून पान उडी मारतं, म्हणून मथळ्याच्या चौकटीला आधीच किमान उंची देऊन ठेवा, आणि ती ठरवताना दोन ओळींचा मथळा अरुंद फोनवर तीन ओळींचा होत नाही ना, हे एखाद्या स्वस्तातल्या फोनवर उघडून पाहा.